टायमर चालू केला की फॉर्म गोठतो (सी शार्प, विनफॉर्म्स म्हणजे विंडोजचे डेस्कटॉप फॉर्म) - मदत हवी आहे

मापात_पाप_नको: वजनकाट्यावरचं वजन दर अर्ध्या सेकंदाला लेबलवर दाखवायचंय. टायमरचं इंटरव्हल ५०० मिलिसेकंद आहे. पहिल्याच टिकला (टायमरची वेळ भरली की चालणारा कोड) फॉर्म गोठतो. २००० करूनही तेच. उद्या बसवायचंय, लवकर सांगा.

काटेकोर: कुठला टायमर? डॉटनेटमध्ये बरेच आहेत. टिकमध्ये काय लिहिलंय?

मापात_पाप_नको: टूलबॉक्समधून ओढलेला. टिकमध्ये सीरियल पोर्टची (काट्याची केबल लागते तो) रीडलाइन, म्हणजे एक पूर्ण ओळ वाचणं, बाकी काही नाही.

धागेदोरे: तो टायमर काढा. सिस्टिम डॉट टायमर्समधला घ्या, तो वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या समांतर धाग्यावर) चालतो. विषय संपला.

काटेकोर: संपत नाही. तिथून लेबलला हात लावला की क्रॉस-थ्रेड एक्सेप्शन (दुसऱ्या थ्रेडवरून फॉर्म बदलल्याची चूक), आणि डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये तो टायमर एक्सेप्शन गिळतो, म्हणजे चूक दिसणारही नाही. शिवाय पहिली रीडलाइन अडकलेली असताना पुढची टिक येतच राहते. टूलबॉक्सचा टायमर यूआय थ्रेडवर (फॉर्म सांभाळणाऱ्या) चालतो, अचूकता ५५ मिलिसेकंद. ५०० ला भरपूर झाली. अडतंय ते रीडलाइनपाशी: रीडटाइमआउट (किती वेळ थांबायचं ती मर्यादा) दिला नाही तर ती अनंत काळ थांबते. काटा ओळीच्या शेवटी काय पाठवतो?

वेबवाला: सेटइंटरव्हल (जावास्क्रिप्टचा टायमर) वापरत असाल तर टॅब मागे गेल्यावर ब्राउझर तो सेकंदाला एकवर आणतो, हे लक्षात ठेवा.

धागेदोरे: इथे ब्राउझर नाहीये हो.

मापात_पाप_नको: मॅन्युअलमध्ये शेवटी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची एक खूण) लिहिलंय. वेग ९६०० बॉड, सेकंदाला १० वेळा पाठवतो.

काटेकोर: मग हेच. रीडलाइन लाइन फीडची (ओळ संपल्याची दुसरी खूण) वाट बघते आणि तो कधी येतच नाही. न्यूलाइन प्रॉपर्टीत कॅरेज रिटर्न द्या, रीडटाइमआउट ३०० ठेवा, टाइमआउट एक्सेप्शन पकडा.

मापात_पाप_नको: वजन आलं! पण काटा रिकामा केला तरी बराच वेळ जुनंच वजन दिसतं.

काटेकोर: सेकंदाला १० ओळी येतात, तुम्ही २ वाचता. उरलेल्या बफरमध्ये (न वाचलेल्या डेटाच्या जागेत) साचतात. वाचायचं काम टायमरकडून काढून डेटारिसीव्हडला (डेटा आला की पोर्ट चालवतं तो इव्हेंट) द्या: रीडएक्झिस्टिंगने आलेलं सगळं घ्या, कॅरेज रिटर्नवर तोडा, शेवटची पूर्ण ओळ दाखवा, अर्धवट तुकडा पुढच्या वेळेसाठी ठेवा. लेबल बिगिनइन्व्होकने (यूआय थ्रेडला काम सांगून न थांबता पुढे जाणं) बदला.

धागेदोरे: साधं इन्व्होक का नको?

काटेकोर: फॉर्म बंद करताना पोर्टचं क्लोज डेटारिसीव्हड संपायची वाट बघतं आणि इन्व्होक यूआय थ्रेडची. दोघं एकमेकांसाठी अडून बसतात. टायमर मात्र ठेवा: २ सेकंदांत नवं वजन आलं नाही तर लेबल कोरं करा. केबल निघाल्यावर जुन्या वजनावर पावती फाटता कामा नये.