बारावीचे ९१ टक्के मागे आणि ७८ टक्के पुढे, हे कसे?

प्रश्न (पालक, सुदामानगर, इंदूर)

माझ्या मुलीला बारावीत ९१ टक्के गुण असून जेईई मेन या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत तिचे पर्सेंटाइल ९४ आहे. तिच्या वर्गातील एका मुलाला बारावीत ७८ टक्केच आहेत, परंतु पर्सेंटाइल ९७ असल्याने प्रवेशाच्या यादीत तो तिच्या बराच पुढे असेल, असे क्लासमधील सर सांगतात. तेरा टक्क्यांपेक्षा तीन पर्सेंटाइल जड कसे? माझ्या भाच्याच्या वेळी बारावीचे गुणही धरत असत, असे मला पक्के आठवते.

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, रामबाग)

ताई, आपली आठवण बरोबर आहे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनचा क्रमांक काढताना परीक्षेला ६० आणि बारावीला ४० टक्के भार असे. मात्र निरनिराळ्या मंडळांचे गुण एका मापात आणणे ही मोठी कटकट होती आणि प्रत्येक मंडळाच्या निकालासाठी थांबावे लागे. २०१७ पासून क्रमांक केवळ परीक्षेवर ठरतो.

आता पर्सेंटाइलविषयी. ९४ पर्सेंटाइल म्हणजे ९४ टक्के गुण नव्हेत, तर त्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी ९४ टक्के जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षार्थी १४ लाखांच्या आसपास धरले, तर तिच्या पुढे सुमारे ८४,००० विद्यार्थी येतात आणि त्या मुलाच्या पुढे सुमारे ४२,०००. एका पर्सेंटाइलमागे १४,००० क्रमांकांचा फरक पडतो, म्हणूनच निकालात दशांश चिन्हापुढे सात अंक छापलेले असतात. शाळेच्या टक्क्यांशी त्याची तुलना करणे मुळातच चुकीचे आहे, आणि क्लासवाले ती पालकांना करू देतात याचा मला राग येतो.

उत्तर (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, तृतीय वर्ष)

काकांच्या उत्तराला एक पुरवणी जोडते. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि आयआयटी या राष्ट्रीय पातळीवरील संस्थांसाठी बारावीत ७५ टक्के, अथवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, ही अट आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती ६५ टक्के आहे. अट पूर्ण झाल्यावर ७८ आणि ९१ मध्ये कोणताही भेद उरत नाही. आयआयटी इंदूरसाठी जेईई अॅडव्हान्स्ड द्यावी लागते आणि त्या परीक्षेला सर्व प्रवर्ग मिळून मेनमधील अडीच लाख विद्यार्थीच पात्र ठरतात. २०२४ मध्ये खुल्या प्रवर्गाची सीमा ९३.२ च्या जवळ होती, म्हणजे ९४ पर्सेंटाइलला अॅडव्हान्स्डचा मार्ग बंद होईलच असे नाही. अॅडव्हान्स्डचा क्रमांक स्वतंत्र असतो. मेनचे गुण त्यात मिळवले जात नाहीत.

प्रश्नकर्त्या पालक

मग इथल्या एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे काय? शिवाय पुण्याचे नातेवाईक तिकडे यावे म्हणून आग्रह करीत आहेत.

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, रामबाग)

एसजीएसआयटीएसचा प्रवेश मध्य प्रदेशच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या समुपदेशनातून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून होतो. पहिल्या फेऱ्यांत जेईई मेनचा क्रमांक पाहतात आणि उरलेल्या जागांसाठी पुढे बारावीच्या गुणांवर फेरी होते. तेथे आपल्या मुलीचे ९१ टक्के खरोखर कामी येतील, पण त्या वेळेपर्यंत नावाजलेल्या संस्थांतील मागणी असलेल्या शाखांच्या जागा सहसा उरत नाहीत. संगणक शाखेचाच हट्ट नसेल, तर गेल्या वर्षी कोणती शाखा कोणत्या क्रमांकावर बंद झाली ते पाहून पसंतीक्रम भरावा आणि मूळ निवासी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे, कारण राज्याच्या जागांसाठी ते लागतेच.

पुण्याविषयी एवढेच सांगतो की घरी मराठी बोलली जाते म्हणून तेथे वेगळा लाभ मिळत नाही. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी त्यांच्या अधिवासाच्या अटी आहेत, आणि इंदुरात शिकलेल्या बहुतेक मुलांना अखिल भारतीय जागांपुरताच विचार करावा लागतो.