‘साय धरली’ की ‘फाटलं’? तेल-पाण्याच्या शिवेवरचे शब्द

चोपडा (प्रश्न): केळीवरच्या करप्यासाठी खनिज तेल कसं फवारायचं, याचं माहितीपत्रक मराठीत करतोय. तीन शब्दांवर अडलोय. तेल पाण्यात मिसळून ठेवायला जो ‘कोपॉलिमर’, म्हणजे दोन जातींच्या कड्यांची लांब रेणुसाखळी, वापरतात त्याला सहबहुवारिक आहे, पण ‘ब्लॉक कोपॉलिमर’मधल्या ब्लॉकला काय म्हणायचं, ठोकळा? ‘इंटरफेस’ला, म्हणजे तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या हद्दीला, आंतरपृष्ठच लिहू का? आणि पंपात तेल वर आलं की सगळेच ‘औषध फाटी गयं’ म्हणतात. ‘फाटलं’ असं छापलं तर चालेल?

जळगाव (उत्तर): भाऊ, ठोकळा नको. ठोकळा म्हटलं की सुटा, घट्ट तुकडा डोळ्यांपुढे येतो. इथे साखळी एकच असते. तिच्यात एका जातीच्या कड्या सलग येतात, मग दुसऱ्या जातीच्या सलग. यासाठी शब्द आपल्या शेतातच आहे. कापूस आणि तुरीचं बी कालवून पेरलं तर ते ‘रँडम’. एक ओळ कापूस, एक ओळ तूर, हे ‘अल्टरनेटिंग’. आठ ओळी कापूस आणि मग दोन ओळी तूर, ही पट्टा पेरणी, आणि हाच ‘ब्लॉक’. म्हणून पट्टा-सहबहुवारिक म्हणा.

पट्टा म्हटलं की ‘किती रुंद?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि खरी गोम तिथेच आहे. पॉलॉक्सॅमर हे असंच एक पट्टा-सहबहुवारिक घ्या. मधला पट्टा पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडचा, त्याला पाणी फारसं मानवत नाही. दोन्ही टोकांना पॉलिएथिलीन ऑक्साइड, ते पाण्यात रमतं. माप नावातच असतं: पहिले दोन अंक गुणिले 100 म्हणजे मधल्या पट्ट्याचा अंदाजे रेणुभार, शेवटचा अंक गुणिले 10 म्हणजे टोकांच्या पट्ट्यांचं शेकडा वजन. पॉलॉक्सॅमर 188 आणि 181 या दोघांचा मधला पट्टा 1800 चाच. पण 188 मध्ये पाणीप्रिय भाग 80 टक्के, 181 मध्ये फक्त 10. पहिला पाण्यात सहज विरघळतो. दुसरा जेमतेम, तो फेस मारायला वापरतात. कड्या त्याच, पट्ट्यांचं माप बदललं की काम उलटं.

धुळे: आंतरपृष्ठ बरोबर आहे, एकदा लिहून ठेवा. पुढे मात्र ‘शीव’ म्हणा. ‘बांध’ सुचेल, पण बांधाला रुंदी असते आणि तो पाणी अडवतो. शीव नुसती हद्द. रेणूचा मधला पट्टा शिवेवर तेलाला चिकटून बसतो आणि टोकं पाण्यात केरसुणीच्या काड्यांसारखी पसरतात. दोन थेंब जवळ आले की या काड्या दाटतात, एकमेकींत शिरत नाहीत, म्हणून थेंब जुळत नाहीत. या रेणूंवर विद्युतभार नसतो. त्यामुळे विहिरीच्या कठीण पाण्यात साबणाचा जसा चोथा होतो तसा यांचा होत नाही.

एक उणीव आहे. हे रेणू मोठे, शिवेवर पोहोचायला वेळ लावतात. तोवर कोवळे थेंब एकमेकांत मिसळून जातात. म्हणून सोबत लहान, चपळ पायसीकारक (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ) देतात.

आणि ‘शोषण’ लिहू नका, अधिशोषण लिहा. रेणू आत मुरत नाही, शिवेवर बसतो.

रावेर: तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे भाऊ, कारण त्या एका शब्दावर पानं जळायची की वाचायची ते ठरतं. थेंब शाबूत राहून नुसते वर आले तर साय धरली. ती पुन्हा मिसळते. थेंब एकमेकांत विरून तेलाचा सलग थर झाला तर फाटलं. ते ढवळून तेवढ्यापुरतं पांढरं दिसतं आणि लगेच पुन्हा सुटतं.

पारख अशी: 100 मिलीच्या मोजनळीत पंपात घालायचं तेच 95 मिली पाणी घ्या, 5 मिली औषध घाला, तोंड बंद करून दहा वेळा उलटसुलट करा. अर्ध्या तासाने आणि 2 तासांनी बघा. वर पांढरा दाट पट्टा दिसला आणि पुन्हा उलटल्यावर सगळं सारखं दुधाळ झालं तर साय. वर आरपार दिसणारी तेलाची कडी, तीही ठसठशीत रेषेची, तर फाटलं; ते वापरू नका. 15 लिटरच्या पंपात 1 टक्क्याने 150 मिली तेल जातं. पंप खालून ओढतो, म्हणून आधी पाणी जातं आणि शेवटच्या लिटरभरात तेलच उरतं. शेवटच्या झाडांची पानं करपतात, आणि रोग वाढला असं वाटून पुन्हा फवारणी होते.

ज्या तेलात पायसीकारक आधीच नसतो, त्यात तो तेलातच कालवा. मग थोडंथोडं पाणी घालत ढवळा. आधी मिश्रण घट्ट होत जातं आणि एका क्षणी एकदम पातळ, दुधासारखं होतं. तिथे ते ‘पलटलं’: आधी तेलात पाणी होतं, आता पाण्यात तेल. त्यानंतरच पंप भरा.

जळगाव: उन्हात तापलेल्या नळीतलं पाणीही नको. तापमान वाढलं की टोकांच्या पट्ट्यांची पाण्यावरची पकड सुटते आणि द्रावण धुरकट होतं. 1 टक्का द्रावणात 181 ला हे साधारण 24 अंशांनाच होतं, 184 ला साठीच्या आसपास. ‘क्लाउड पॉइंट’ला मी धुरकटबिंदू म्हणेन. गढूळ म्हटलं की माती आठवते.

धुळे: ‘इमल्शन’ला ‘पायस’ शब्द कोशातला असला तरी पत्रकात वाचणाऱ्याला खीरच दिसेल. ‘दुधाळ मिश्रण’ करा.

चोपडा: मग वाक्य असं करतो: ‘दुधाळ मिश्रणाने साय धरली तर हलवून वापरा; वर तेलाची कडी दिसली तर ते फाटलं आहे, फवारू नका.’

रावेर: मोजनळीच्या पारखीत ‘हलवून’ येऊ देऊ नका, तिथे ‘उलटसुलट करून’ लिहा. जोरात हलवलं की फेस येतो आणि फेसाखाली तेलाची कडी दिसत नाही.