लिनक्सच्या जुन्या इन्स्टॉलेशन डिस्कचा संग्रह वाचनालयात कसा लावावा?

ग्रंथसेवक

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला एका निवृत्त संगणक शिक्षकांनी त्यांच्याजवळच्या लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या सगळ्या डिस्क भेट दिल्या आहेत. त्यांत डेबियनचे जुने संच आहेत, पूर्वी टपालाने विनामूल्य येणाऱ्या उबुंटूच्या सीडी आहेत, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या ‘बॉस’ प्रणालीच्या प्रती आहेत, मासिकांबरोबर आलेल्या डिस्क आहेत आणि ज्यांच्यावर नुसते ‘लिनक्स २’ एवढेच लिहिले आहे अशा घरी बर्न केलेल्याही पुष्कळ आहेत. पुस्तकांप्रमाणे त्यांची दाखल नोंद करायची आहे. पण क्रम वितरणाच्या (म्हणजे डेबियन, उबुंटू, बॉस अशा लिनक्सच्या तयार रूपांच्या) नावाने लावावा, सालाने लावावा की संगणकाच्या प्रकाराने, हे ठरत नाही. शिवाय आमच्याकडे काही जुने संगणक अजून ३२ बिट प्रणालीवर चालतात आणि पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसतो, त्यामुळे यांतल्या कोणत्या डिस्क वापरात ठेवाव्यात आणि कोणत्या केवळ जतन कराव्यात, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

कळफलक

सर्वप्रथम एक सुचवतो: वेष्टनावर काय लिहिले आहे त्यावर नोंद करू नका, डिस्कच्या आत काय आहे ते पाहून करा. डेबियन आणि उबुंटूच्या डिस्कवर ‘डिस्क’ नावाची एक डिरेक्टरी असते; तिच्या नावाआधी टिंब असल्यामुळे ती साध्या यादीत दिसत नाही, लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडावा लागतो. तिच्यातली ‘इन्फो’ ही एका ओळीची फाइल उघडली की वितरणाचे नाव, आवृत्ती, तिचे टोपणनाव, संगणकाचा प्रकार (३२ बिटसाठी आय३८६, ६४ बिटसाठी एएमडी६४ इत्यादी), संचातील क्रमांक आणि डिस्क तयार झाल्याची तारीख असे सगळे मिळते. तुमच्या ‘लिनक्स २’ची ओळख बहुधा तिथेच पटेल.

क्रम वितरण, आवृत्ती, संगणकाचा प्रकार आणि शेवटी डिस्कचा क्रमांक असा लावावा. साल हे वेगळ्या रकान्यात लिहिले तरी पुरते. मात्र पूर्ण संचाला एकच दाखल क्रमांक द्या आणि डिस्कना उपक्रमांक द्या, कारण संच फुटला की त्याची उपयुक्तता जाते. डेबियनच्या २००२ मधील ‘वूडी’ या आवृत्तीचा संच ७ सीडींचा होता, २००५ मधील ‘सार्ज’ या आवृत्तीचा १४ सीडींचा झाला. जास्त वापरली जाणारी पॅकेजे (सॉफ्टवेअरचे तयार संच) आधीच्या डिस्कवर ठेवण्याची त्यांची पद्धत असल्यामुळे पहिल्या डिस्कवर बहुतेकांचे काम भागते, आणि पहिली हरवली तर नववी डिस्क धड असूनही तिच्यावरून संगणक सुरू होत नाही.

तबकडी

वर्गवारी करतानाच प्रत्येक डिस्कची आयएसओ प्रत (संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधील नक्कल) काढून घ्यावी, म्हणजे ती पुन्हा पुन्हा हाताळावी लागणार नाही. सुरुवात घरी बर्न केलेल्या डिस्कपासून करावी. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये माहितीचे खळगे प्लास्टिकमध्येच उठवलेले असतात, तर बर्न केलेल्या डिस्कमध्ये ती सेंद्रिय रंगाच्या थरात असते आणि हा रंग ऊन व उष्णतेने उतरतो.

ओरखडे असलेल्या डिस्कसाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन वापरा आणि सेक्टरचा (डिस्कवरून एका वेळी वाचल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार २०४८ बाइट द्या. कोणते सेक्टर वाचले गेले आणि कोणते राहिले, याचा नकाशा हे साधन वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. एकाच डिस्कच्या दोन प्रती असतील आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी खराब असतील, तर पहिलीचा नकाशा कायम ठेवून दुसरी ड्राइव्हमध्ये घालावी. राहिलेले सेक्टर तिच्यावरून भरून निघतात. त्यानंतर त्या वितरणाच्या प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या चेकसमशी (प्रत बिनचूक आहे का हे दाखवणाऱ्या संकेतांकाशी) पूर्ण प्रतीची तुलना करा. काही ड्राइव्ह शेवटी रिकामे सेक्टर जोडून वाचतात, त्यामुळे मजकूर बरोबर असूनही चेकसम जुळत नाही. अशा वेळी डिस्कच्या शीर्षभागात नोंदलेल्या आकाराइतकाच भाग मोजावा.

कागदी लेबल चिकटवू नका आणि बॉलपेनने लिहू नका. सीडीचा परावर्तक थर वरच्या पातळ लाखेच्या लगेच खाली असतो, त्यामुळे लेखणीचा दाब थेट त्याच्यावर पडतो. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिक थरांच्या मध्ये असतो, म्हणून ती त्या बाजूने अधिक सुरक्षित असते. दाखल क्रमांक वेष्टनावर लिहावा आणि डिस्कवर लिहायचाच झाला तर मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावा.

लॅब सहायक

वर दिलेल्या माहितीशी मी सहमत आहे, फक्त जतनाचा प्राधान्यक्रम वेगळा सुचवतो. डेबियनचे जुने संच प्रकल्पाच्या स्वतःच्या संग्रहातून आजही उतरवता येतात, त्यामुळे ते अपुरे असले तरी चिंता नाही. ‘बॉस’च्या सुरुवातीच्या प्रती आणि मासिकांच्या डिस्क मात्र दुसरीकडे सहज मिळतील असे नाही, माझ्या मते या संग्रहाचे खरे मोल त्यांतच आहे आणि त्यांच्या प्रती सर्वांत आधी काढाव्यात. उबुंटूची विनामूल्य सीडी योजना २००४ मधील पहिल्या आवृत्तीपासून २०११ पर्यंत चालली. त्या सीडींची छापील पाकिटेही फेकू नयेत.

रोजच्या वापरासाठी यांतली कोणतीही जुनी आवृत्ती घेऊ नका. त्यांच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबलेल्या आहेत आणि वाचनालयाच्या संगणकांवर सदस्य आपली खाती उघडतात. आधी तुमचे संगणक खरोखरच ३२ बिट आहेत का ते तपासा, कारण ३२ बिट विंडोज चालणाऱ्या अनेक संगणकांचे प्रोसेसर ६४ बिट असतात; कोअर २ ड्युओ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. संगणक ३२ बिटच निघाले तर २०२३ मधील डेबियन १२ ची आय३८६ डीव्हीडी घ्यावी लागेल, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये या प्रकारासाठी इन्स्टॉलर नाही. चित्ररूप इन्स्टॉलर निवडल्यास भाषांच्या यादीत मराठीही आहे. इंटरनेट नसताना पॅकेजे हवी असतील तर ‘ॲप्ट-सीडीरॉम’ या आज्ञेने संचातली प्रत्येक डीव्हीडी एकदा नोंदवून ठेवा. पुढे कोणती डिस्क घालायची हे संगणक स्वतः विचारतो.

ग्रंथसेवक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काही डिस्कच्या ‘इन्फो’ फाइलमध्ये ‘सोर्स’ असे आढळले. त्यांच्यावरून काहीच इन्स्टॉल होत नसेल तर त्या वेगळ्या काढाव्यात का? आणि सदस्यांना प्रती करून दिल्या तर चालेल का?

कळफलक

त्या काढू नका, त्यांच्यावर प्रणालीचा स्रोत म्हणजे मूळ कोड असतो. त्याच आवृत्तीच्या संचाला जोडून ठेवा. प्रती देण्यास हरकत नाही, पण लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) जीपीएल या मुक्त परवान्याच्या ज्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, तिच्यानुसार थेट चालवता येणाऱ्या स्वरूपातील प्रणाली देताना तिचा स्रोतही सोबत द्यावा लागतो किंवा तो किमान ३ वर्षे मागता येईल असे लेखी कळवावे लागते. सोर्स डिस्क हाताशी असल्या की पहिला मार्ग सोपा होतो, म्हणून सदस्याला दोन्ही प्रती एकदमच द्याव्यात. ‘बॉस’ आणि मासिकांच्या डिस्कवर मुक्त परवान्याखाली नसलेली काही सॉफ्टवेअरही असू शकतात. त्यांच्या प्रती देण्यापूर्वी डिस्कवरील परवान्याची फाइल वाचावी आणि तोपर्यंत त्या वाचनालयातच पाहण्यासाठी ठेवाव्यात.