जुन्या फ्लॅटची मोझॅक फरशी ठेवावी की वरून नवीन टाइल्स टाकाव्यात? रिनोव्हेशनबद्दल सल्ला हवाय

मोगरा_डोंबिवली
नमस्कार मंडळी, डोंबिवली पूर्वेला आमचा सासरचा जुना फ्लॅट आहे, बिल्डिंग १९८७ ची, कार्पेट ६१० स्क्वेअर फूट, टू बीएचके. इतकी वर्षं भाड्याने होता, आता आम्ही स्वतः राहायला जातोय सासूबाईंना घेऊन, त्यामुळे सगळं काम एकदाच करून घ्यायचंय. डिझायनरने थ्रीडी दिलंय, दिसायला छानच आहे. सगळीकडे बेज आणि कॉफी कलर, टीव्हीमागे उभ्या खाचांचं फ्लुटेड पॅनल, अख्ख्या घराला फॉल्स सीलिंग, पांढरा क्वार्ट्झचा ओटा, किचन आणि हॉलमधली भिंत पाडून ओपन किचन, आणि जुन्या मोझॅकवर मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स.

माझं अडलंय ते फरशीपाशी. परवा बेडरूममधला जुना पलंग हलवला तर खाली पलंगाच्या मापाचा एक चौकोन असा चकचकीत निघाला की सासूबाई तिथेच खाली बसल्या आणि हात फिरवत राहिल्या. पांढऱ्या सिमेंटमधे काळे, चॉकलेटी आणि हिरवट दगड. बाकी घरात चकाकी गेलीय, किचनच्या दारात तर पार खरखरीत झालीय, पाच-सहा लाद्या फुटल्यात. पण आता ती पलंगाखालची फरशी बघितल्यावर झाकून टाकायला जीव होत नाहीये. कोणी जुनी मोझॅक पॉलिश करून घेतलीय का, टिकते का? बाकीच्या गोष्टींबद्दलही बोला. ऑगस्टच्या आत काम संपवायचंय.

साइटवाला
ताई फरशी ठेवा. मी २२ वर्षं हेच काम करतो, ठाणे ते बदलापूर. आत्ता लोक टेराझो (मोझॅकचंच नवं नाव) म्हणून शोरूममधून जे आणतात त्यातलं बरंचसं म्हणजे टाइलवर दगडांची प्रिंट, वरचा थर झिजला की संपलं. तुमच्या लादीत दगडाच्या चिप्सचा वरचा थर चांगला जाड असतो त्यामुळे ती घासून पुन्हा नवी करता येते.

काम असं होतं. आधी फुटलेल्या लाद्या बदलायच्या, आणि त्या बाजारात शोधत बसू नका, जिथे नवीन वॉर्डरोब येणार आहे तिथल्या काढा आणि बाहेर लावा, वॉर्डरोबखाली साधं सिमेंट करून टाकलं तरी कोणाला दिसत नाही. रंग एकदम जुळतो कारण लाद्या त्याच लॉटच्या. मग सांधे आणि भोकं पांढऱ्या सिमेंटमधे रंग कालवून भरायची, दोन-तीन दिवस पाणी मारून सुकू द्यायचं, आणि मग मशीन. जाड दगडापासून सुरू करून बारीकपर्यंत, चार-पाच हात. कडेला मोठं मशीन पोचत नाही तिथे हातमशीन लावायला सांगा, नाहीतर भिंतीलगत काळी पट्टी राहते आणि मग ती आयुष्यभर दिसते. शेवटी ऑक्झॅलिक पावडरने चमक आणि वर सीलर.

एक गोष्ट नीट ऐका, घासताना जी रबडी निघते ती नहाणीच्या जाळीत अजिबात जाऊ देऊ नका, सिमेंट आहे ते, पाइपात बसलं की दगड होतो आणि खालच्या मजल्यावाल्यांपर्यंत भांडण जातं. बादलीत भरून, गाळ बसू देऊन मग गोणीत. आणि हे काम फर्निचरच्या आधी.

टाइलवर टाइल टाकली तर चिकटवायचा माल धरून १२ ते १५ मिलिमीटर उंची वाढते, म्हणजे सगळी दारं खालून कापायची, बाथरूमचा उंबरा, बाल्कनीचा उतार सगळं बदलतं. शिवाय वजन वाढतं ते वेगळंच. उखडून टाकायची म्हटली तर आवाज, डेब्रिज, सोसायटीची परवानगी.

रत्नागिरीकर_वहिनी
फरशीबद्दल साइटवाल्या दादांशी सहमत. मी फ्लुटेड पॅनलबद्दल बोलते कारण आम्ही ते करून बसलोय. दोन वर्षांपूर्वी हॉलमधे एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं केलं, त्या भिंतीच्या मागे बाथरूम आहे. पहिल्याच पावसाळ्यात खालची वीतभर पट्टी फुगली, काढून बघितलं तर मागे पांढरी बुरशी. आणि त्या खाचांमधली धूळ साध्या फडक्याने निघत नाही, टूथब्रश घेऊन बसावं लागतं, मी खरंच बसते. तुमच्याकडे हवा आमच्याइतकी ओली नसेल पण डोंबिवलीतली धूळ आहेच ना. हवंच असेल तर कोरड्या आतल्या भिंतीला, तेही छोट्या भागात.

किचनच्या खालच्या कपाटांना मात्र पैसे वाचवू नका, सिंकखाली तर नाहीच. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का स्वतः बघून घ्या, प्रत्येक शीटवर असतो, कापायच्या आधी फोटो काढून ठेवा. नुसतं ‘वॉटरप्रूफ आहे मॅडम’ वर विश्वास ठेवू नका.

कांदेपोहे_मेलबर्न
क्वार्ट्झबद्दल सांगते. इथे आमच्या घरात होता, दिसायला सुंदर, पण तो अख्खा दगड नसतो, दगडाचा चुरा रेझिनमधे बांधलेला असतो. फोडणीचं कढलं गॅसवरून काढून सरळ ठेवलं तर रेझिन करपतं आणि तो पिवळा डाग कायमचा. मी लग्नात आईने दिलेली लोखंडी अडणी सतत ओट्यावर ठेवायचे तरी एकदा विसरलेच. हळदीचा हात लगेच पुसला तर निघतो, रात्रभर राहिला तर पांढऱ्यावर सावली राहते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून हा इंजिनिअर्ड स्टोन बनवणं, पुरवणं, बसवणं यावर बंदी आली, कारण त्याच्या लाद्या कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस होत होता, फुप्फुसं निकामी करणारा आजार. त्यात सिलिका खूप जास्त, ग्रॅनाइटमधे त्यापेक्षा बरीच कमी, पण आहेच. म्हणून दगड कुठलाही घ्या, तुमच्या घरात कापताना पाणी मारून कापायला लावा आणि कारागिराला नीट मास्क द्या, रुमाल नाही. एवढं तुम्ही अडून करून घेऊ शकता.

अनघा_७९
मी थोडी वेगळ्या मताची आहे. आम्ही व्हिट्रिफाइडच टाकल्या आणि मी समाधानी आहे, सांधे कमी, झाडू-पोछा पटकन होतो, डाग धरत नाही. मोझॅकवर लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड सांडलं की चमक जाते कारण त्यातल्या चिप्स संगमरवराच्या असतात. रोजची काळजी घेणार असाल तरच ठेवा.

फॉल्स सीलिंग अख्ख्या घराला कशाला? जुन्या फ्लॅटची उंची आधीच बेताची, त्यात पाच-सहा इंच गेले की पंखा डोक्यावर येतो. आणि लाइट सगळे पिवळे घेऊ नका. आता सगळीकडे ३००० केल्व्हिनची फॅशन आहे, हॉलला छान वाटतं, पण माझ्या आईला त्या उजेडात तांदळातले खडे दिसेनात. ओट्यावर आणि तुमच्या सासूबाई जिथे वाचत बसतात तिथे ४००० चे, जरा पांढरे लावा.

मोगरा_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. फरशी राहणार हे नक्की, पॅनल रद्द, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, सीलिंग फक्त हॉलच्या कडेने. आता दोन प्रश्न. सासूबाईंचं सागवानी कपाट आहे, आरशाचं, काळं पडलंय, ते डिझायनरच्या थ्रीडीत कुठेच नाहीये. आणि किचन-हॉलमधल्या भिंतीचं काय?

साइटवाला
कपाट टाकू नका ताई, तसं लाकूड आता परवडत नाही. काळं पडलंय ते लाकूड नाही, वरचं जुनं लाखेचं पॉलिश आहे. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटमधे भिजवलेला कापूस चोळून बघा, रंग कापसावर आला की समजा. चांगला पॉलिशवाला आठवड्यात काढून देतो, वर मॅट फिनिश घ्या, मोझॅकशेजारी सुंदर दिसेल.

भिंत मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन बघितल्याशिवाय आणि सोसायटीचं पत्र हातात आल्याशिवाय हातोडासुद्धा लावू देऊ नका.

मोगरा_डोंबिवली
आत्ताच कापूस चोळून बघितला. चहाच्या रंगाचा झालाय, आणि खाली लाकडाच्या रेषा दिसायला लागल्यात. इंजिनिअर शनिवारी येतायत.