यंदाच्या रब्बीत रोज (नीलगाय) आणि काळवीट: देपालपूर-सांवेर पट्ट्यात काय तयारी ठेवावी?

देपालपूर_रब्बी
इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तहसीलमध्ये पाच बिघे, म्हणजे साधारण 1 हेक्टर चौकोनी तुकडा आहे. एका अंगाला नाला आणि बाभळी. यंदा डॉलर चणा (मोठा काबुली) आणि कडेला गहू टाकायचा विचार आहे. रोजांचे कळप नाल्यातून येतात, अधूनमधून काळवीटही दिसतात. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या भागात यंदा कळपांचा जोर कधी आणि कुठे असेल? हरणांच्या शिकारीचा काही हंगाम किंवा परवाना असतो का, कारण गावात जो तो वेगळंच सांगतो? आणि झटका मशीन (कुंपणाच्या तारांत विजेचे ठोके सोडणारं) लावायचं तर नेमकं काय-काय लागेल?

महू_कायदा
आधी शिकारीचं सांगतो, कारण त्यात चूक झाली तर थेट तुरुंग आहे. भारतात हरणाच्या शिकारीचा हंगाम नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि त्या कायद्यात फास लावणं, विष घालणं, पकडणं, एवढंच काय, नुसता प्रयत्न करणंही शिकारच धरतात.

काळवीट अनुसूची 1 मध्ये आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी अथवा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव वॉर्डन त्याच्यासाठी आदेश देऊ शकतो. पिकाचं नुकसान हे कारण तिथे चालत नाही. शिक्षा 3 ते 7 वर्षं आणि दंड किमान 25,000 रुपये.

रोज आणि रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये येतात. त्यांच्यासाठी कलम 11 खाली उभ्या पिकाचं नुकसान हे कारण धरता येतं, पण आदेश लेखी हवा, त्यात कारणं हवीत आणि तो मुख्य वन्यजीव वॉर्डन किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचाच हवा. सरपंचाचं पत्र किंवा तोंडी होकार म्हणजे परवानगी नव्हे. शिवाय आदेशाने मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता होतं, मांसाला हात लावता येत नाही. भरवसा कुंपणावर ठेवा, परवानगीवर नको.

सांवेर_काबुली
जोर कधी, ते सोयाबीनवर ठरतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की लपायला आडोसा उरत नाही. मग कळप नाले, बाभळीची बनं आणि उभ्या उसाकडे सरकतात, आणि तिथून सगळ्यात जवळच्या कोवळ्या हिरव्यावर येतात. चण्याला सगळ्यात वाईट काळ उगवणीपासून पहिल्या 30-35 दिवसांचा: शेंडे खुडले जातात आणि त्याहून जास्त रोपं खुरांखाली जातात. दुसरी लाट घाटे भरताना येते.

रोज दाट जंगल टाळतो, त्याला झुडपी माळ आणि शेतं आवडतात. म्हणून देपालपूर-सांवेरच्या सपाटीत रोज, तर चोरल-मानपूरच्या घाटाकडे रानडुक्कर जास्त. काळविटांचे मोठे कळप शाजापूरकडे. तिथे 2025 च्या ऑक्टोबरात हेलिकॉप्टरने हाकून, नरसाळ्यासारख्या बोमा कुंपणात घेऊन काळवीट आणि रोज हलवले गेले. तुमच्या पाच बिघ्यांपर्यंत असं काही पोचेल याची वाट पाहू नका.

एक काम आजच करा. नाल्याकाठी फिरून लेंड्यांचे ढीग शोधा. रोज हा प्राणी ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, एकाच ढिगात जुन्या भुरकट आणि ताज्या काळ्या-ओलसर दोन्ही दिसतात. ताज्या असतील तर वाट चालू आहे. त्या अंगाचं कुंपण आधी उभं करा.

माळवा_कुंपण
हिशोब असा. 1 हेक्टर चौकोनाचा घेर 400 मीटर. पाच तारा म्हणजे 2,000 मीटर. 2.5 मिमी जीआय (जस्त चढवलेली) तार किलोला साधारण 26 मीटर भरते, म्हणजे 77 किलो, गाठी धरून 80 घ्या. खांब दर 5 मीटरला, एकूण 80, उंची साडेसात फूट, त्यातले दोन फूट जमिनीत. कोपऱ्याचे खांब अडीच-तीन फूट खोल आणि तिरका आधार देऊनच. काळी माती फुगते-आकसते, बिनआधाराचा कोपरा पहिल्याच पावसाळ्यात झुकतो आणि सगळ्या तारा ढिल्या पडतात. इन्सुलेटर 400, कोपऱ्यांचे ताण घेणारे वेगळे.

तारांची उंची जमिनीपासून 8, 18, 30, 44 आणि 60 इंच. खालच्या दोन डुकरासाठी आणि काळविटासाठी (तो सहसा उडी मारत नाही, तारांमधून किंवा खालून घुसतो), वरच्या दोन रोजाच्या छाती-नाकाला लागतात. सगळ्यात खालच्या तारेला वेगळा स्विच ठेवा, गवत तिलाच आधी चिकटतं.

मशीनवर '20 किलोमीटर' लिहिलेलं असतं ते स्वच्छ एकेरी तारेसाठी. तुम्ही आउटपुट 2 जूल बघा आणि आयएस 302-2-76 ची खूण बघा. 12 व्होल्ट 40 एएच बॅटरी, 40 वॅटचं पॅनल. मावठ्याच्या ढगाळ दिवसांत तेवढी साठवण लागतेच.

निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. सहा फुटी जीआयचे तीन रॉड, 10-10 फुटांवर, बोअरच्या अर्थिंगपासून निदान 10 मीटर लांब. चाचणी अशी: मशीनपासून 100 मीटरवर लोखंडी पहार तारेला टेकवून मातीत रोवा, कुंपणाचा दाब 2,000 व्होल्टच्या खाली येऊ द्या, मग शेवटच्या रॉडवर मीटर लावा. 300 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कमी आहे, आणखी रॉड ठोका. एरवी कुंपणाच्या टोकाला 5,000 च्या वर दाब हवा.

फाटकाखालून प्रवाह नेताना घरगुती वायर अजिबात वापरू नका. ती 1,100 व्होल्टची असते, जमिनीत गळते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कुंपणाची दुहेरी आवरणाची केबल पाइपातून घाला.

देपालपूर_रब्बी
आभारी आहे. शेजारी म्हणतात, रात्री बोअरच्या लाइनचा करंट सोडला तर एवढा खर्चच नको. आणि शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या तर?

माळवा_कुंपण
भाऊ, हात जोडून सांगतो, लाइनचा करंट नको. झटका मशीन सेकंदाला साधारण एक ठोका देतं, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळाचा, म्हणून जनावर हात-पाय झटकून सुटतं. 230 व्होल्ट सलग वाहतो, स्नायू आवळतात आणि धरलेला सुटत नाही. पहाटे पाणी द्यायला येणारा माणूस त्यात जातो. वर वीजचोरीचा आणि मनुष्यवधाचा गुन्हा.

साड्यांनी दोन आठवडे निभतं, मग जनावरं सरावतात. त्यापेक्षा 44 इंचाच्या तारेवर दर तीन मीटरला चकाकती पट्टी बांधा. रोजाचा कळप रात्री धावत येतो, तार दिसली नाही तर झटका बसायच्या आत ती तोडून जातो. आणि कुंपण पेरणीच्या आधी चालू करा. चण्याची चव एकदा लागली की तोच कळप झटका सोसूनही आत येतो. पहिले तीन आठवडे एक रात्रसुद्धा बंद ठेवू नका.

महू_कायदा
नुकसान झालंच तर मध्य प्रदेशात पिकाची भरपाई महसुलाकडून, राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 खाली. अर्ज तहसीलदाराकडे. पटवारी येईपर्यंत शेत नांगरू नका. फोटोत खुराजवळ मोजपट्टी ठेवा: रोजाचा खूर गाईपेक्षा अरुंद आणि टोकदार, आणि शेणाच्या पोऐवजी लेंड्या. नाहीतर पंचनाम्यात 'मोकाट गुरं' लिहून जातं. पीक विम्यातही खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांचं नुकसान घेतलं आहे. त्यात कळवायची मुदत 72 तासांची आणि फोटो जिओटॅग केलेले, म्हणून विमा घेताना तुमच्या जिल्ह्यासाठी रोज यादीत आहे ना, तेवढं बँकेतून पक्कं करून घ्या.