मसाई माराला चाललोय, माणशी १५ किलोत बसवायचं कसं?

कोथरूडकर७८: नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये आम्ही चौघं (मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि ६३ वर्षांची आई) केनियाला चाललोय, नैरोबीत एक रात्र मग विल्सन एअरपोर्टवरून छोट्या विमानाने मसाई मारा अभयारण्यात. एजंट म्हणतो माणशी १५ किलो, तेही कॅमेरा हँडबॅग सगळं धरून आणि कडक सुटकेस नकोच. इकडे घरात दोन मोठ्या सुटकेस ऑलरेडी उघडून ठेवल्यात, आईचा चिवडा वेगळाच. खरंच इतकं कडक असतं का? कपडे तर काय, आफ्रिका म्हणजे उन्हाळीच ना?

रानवेडी: उन्हाळी 😂 आम्हीपण हेच समजून गेलेलो. अहो मारा विषुववृत्ताजवळ असलं तरी दीड हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच, त्यात पहाटे सहाला जीपचं छप्पर वर करून उभं राहायचं, दात वाजतात. जाड जॅकेट आणि कानटोपी हवीच, दहानंतर सगळं काढून टीशर्टवर या. बाकी तीन जोड पुरतात, लॉजवर धुऊन मिळतात, फक्त आतले कपडे बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत ते स्वतः धुवायचे. वजनाचं खरंय, विमानाच्या पोटात जागाच एवढीशी असते, मऊ कापडी डफल बॅग दाबून कोंबता येते सुटकेस नाही. मोठी बॅग नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा, विचारलं तर ठेवतात.

दुर्बीणवाला: कॅमेऱ्यावर किलो घालवू नका, दुर्बीण मात्र प्रत्येकी एक, ८x४२ वाली (म्हणजे आठपट जवळ दाखवणारी). एकच नेली तर बिबट्या दिसला की घरात भांडण. निळे-काळे कपडे टाळा, त्सेत्से माशीला (तिकडची चावणारी माशी) हेच रंग आवडतात, तिकडे तिचे सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचे करतात. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

आजीचीनात: कपड्यांचं नंतर बघा, यलो फीवरची लस घेतली का? निदान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंटला वेळ जातो. पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचा दाखला, नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर ६ दिवस क्वारंटाइनला बसवू शकतात. आई साठीच्या पुढे आहेत तर लसीआधी डॉक्टरांना नक्की विचारा, मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच.

कोथरूडकर७८: बापरे, लसीचं एजंट बोललाच नाही! उद्याच फोन करतो. आणि चिवडा?

रानवेडी: न्या की, पण प्लास्टिकच्या पिशवीत नको, केनियात २०१७ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे. स्टीलच्या डब्यात भरा. आणि डबा तंबूत उघडा ठेवू नका, माकडं चेन उघडून आत शिरतात. आमचे बेसनलाडू असेच गेले.

कोथरूडकर७८: आईला वाचून दाखवलं. ती म्हणते डब्याला कुलूप लावते, पण डबा मोठाच नेणार. दोन किलो तिथेच गेले.