पॉयझन आयव्ही: ओळख, काढणी आणि पुरळ यांबद्दल सल्ला हवा (न्यू जर्सी)

जर्सीकर: आमच्या मागच्या अंगणात कुंपणाला आणि ओकच्या खोडाला तीन-तीन पानांचा एक वेल बिलगला असून तो अंगाला लागल्यास पुरळ उठवणारा पॉयझन आयव्हीच असावा, असा दाट संशय आहे. घरात लहान मूल आणि कुत्रा आहे. खर्च १५० डॉलरच्या आत बसवायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

मेपलछाया: केवळ तीन पानांवर जाऊ नये, कारण बॉक्स एल्डर या झाडाच्या रोपालाही तीन पर्णिका (एकाच पानाचे सुटे भाग) असतात. त्याची पाने फांदीवर समोरासमोर येतात, आयव्हीची एकाआड एक. आयव्हीच्या मधल्या पर्णिकेचा देठ लांब असतो आणि बाजूच्या दोन्ही जवळजवळ बिनदेठाच्या असतात. झाडावर चढलेला जुना वेल केसाळ मुळांमुळे काथ्याच्या दोरखंडासारखा दिसतो आणि हिवाळ्यात पाने गळल्यावरही तितकाच बाधतो.

डेकवाले_काका: आम्ही सरळ माणसे बोलावली, ९०० डॉलर मोजले आणि निश्चिंत झालो. १५० डॉलरमध्ये या देशात गळका नळसुद्धा कोणी दुरुस्त करून देत नाही.

हिरवाई: शेळ्या भाड्याने आणाव्यात. त्या हा वेल निर्धास्त खातात आणि औषध फवारावे लागत नाही.

डेकवाले_काका: शेळ्या पाने खातील, मुळे कोण खाणार? वेल पुन्हा फुटेलच. शिवाय नगरपालिकेची परवानगी कोण काढणार?

कोकणकन्या: या वेलाच्या चिकात उरुशिऑल नावाचे तेल असते. आंबा, काजू आणि बिब्बा ही झाडे याच कुळातली. त्यामुळे ज्यांना आंब्याच्या चिकाने ओठ सुजतात किंवा बिब्बा उततो, त्यांनी अधिक जपावे. आमच्याकडे बिब्बा उतल्यावर खोबरेल तेल लावत, तेच येथेही करावे.

औषधवाली: खोबरेल तेलाबाबत मी असहमत आहे. चीक अंगावर असताना तेल चोळले तर तो पसरतो. आधी पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन, नखांखालीही घासून, शक्य तितक्या लवकर धुवावे. पहिली काही मिनिटेच महत्त्वाची. हत्यारे, बूट आणि कुत्र्याची लव यांवरही चीक राहतो, म्हणून कुत्र्याला हातमोजे घालूनच आंघोळ घालावी. पुरळ बहुधा एक ते तीन दिवसांनी उठते. फोडांतील पाण्याने ते पसरते, हा गैरसमज कृपया सोडावा. खाज शमवणारे कॅलामाइन लोशन आणि थंड पाण्याच्या घड्या पुरतात, परंतु चेहऱ्यावर किंवा अंगभर उठल्यास डॉक्टरांकडे जावे. स्टिरॉइडच्या गोळ्या साधारण दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत घ्याव्या लागतात. त्या लवकर थांबवल्या की पुरळ उलटते.

हिरवाई: आणि काढलेला वेल कदापि जाळू नये. आमच्या शेजाऱ्यांनी पानांच्या ढिगासोबत तो पेटवला आणि धुराने त्यांना श्वास घेणे कठीण झाले.

मेपलछाया: जाळू नये, हे मीही सांगणारच होतो.

जर्सीकर: सर्वांचे आभार. वेल आयव्हीच आहे, हे एकाआड एक पानांवरून नक्की झाले. मात्र त्याची पांढरी फळे पक्षी खातात, म्हणून मी तो काढणार नाही. मागची पट्टी तारेच्या जाळीने बंद करणार आहे. जाळी १३० डॉलरला मिळते.

डेकवाले_काका: मग विचारले कशाला?

औषधवाली: जमिनीखालचे फुटवे जाळीखालून येतील. ते कोवळे असतानाच, लांब बाह्यांचा सदरा व हातमोजे घालून, मुळासकट उपटावेत. गवत कापायचा दोरीचा ट्रिमर मात्र वापरू नये, चीक चेहऱ्यावर उडतो.